झोपेआधीचा तास

कोल्हापूरचा सूर्य घड्याळाच्या ३३ मिनिटं मागे आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि कोल्हापूर आहे ७४.२ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, त्यामुळे घड्याळात बारा वाजले तरी इथे सूर्य डोक्यावर यायला अर्धा तास उरलेला असतो. मुंबईने प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागची आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सांभाळली होती, आणि ती सांभाळणाऱ्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य मावळतो तो सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. ढग नसले तर साडेसातलाही रंकाळा तलावाच्या काठावर माणसं ओळखू येतात. अशा दिवशी साडेआठला अंथरुणावर आडवं केलेलं चार वर्षांचं पोर उठून बसलं आणि “अजून रात्र कुठं झालीय?” म्हणालं, तर त्याचं म्हणणं निम्मं तरी खरं धरायला हवं.

मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या मुलांच्या झोपेचा आणि सूर्यास्ताचा संबंध तपासला आहे. सगळ्या देशाला एकच घड्याळ, पण आसामात सूर्य लवकर मावळतो आणि पश्चिमेकडे उशिरा. त्याला आढळलं ते असं: सूर्यास्त तासभर उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते. कारण साधं आहे. उशिरा अंधार पडतो म्हणून मूल उशिरा झोपतं, पण शाळेची घंटा सगळीकडे त्याच सुमारास वाजते, त्यामुळे सकाळी ती झोप भरून निघत नाही. हा फटका गरीब घरांना जास्त बसतो. जिथे खोली एकच, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही आणि खिडकीवर पडदा नाही, तिथे मुलाला झोपेसाठी अंधार आणि शांतता मिळवून देणंच अवघड असतं.

“पाणी पायजे”, “शू आली”, “पाय दुखतोय”, “अजून एकच गोष्ट” ही रोजची रांग लागली की घरात दोनच निष्कर्ष निघतात: पोर हट्टी आहे, नाहीतर आईने लाडावून ठेवलंय. दोन्ही घाईचे आहेत. त्यातला दुसरा तर अन्यायाचाही आहे, कारण दिवसभराचं काम आटोपलेल्या आईला स्वतःचा म्हणून जो काही वेळ मिळतो तो मूल झोपल्यानंतरचाच असतो. तो रोज गिळणारी ही टाळाटाळ क्षुल्लक मानू नये.

आधी शरीराकडे बघू. स्विस संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेचं जे गणित मांडलं ते आजही पायाभूत मानलं जातं. झोप दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढ: जितका वेळ जागे, तितकी ती जास्त. दुसरी म्हणजे मेंदूतलं चोवीस तासांचं घड्याळ, जे संध्याकाळनंतर मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडायला लावून शरीराला रात्र झाल्याचं कळवतं. ओढ पुरेशी साठलेली आहे आणि घड्याळानेही रात्र जाहीर केली आहे, अशा वेळी मूल दहा-पंधरा मिनिटांत झोपतं. दोन्हींपैकी एक जरी मागे राहिलं तरी थोपटून थोपटून हात दुखतो.

अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठातल्या मोनिक लेबर्जुआ यांनी २०१३ मध्ये अडीच ते तीन वर्षांच्या १४ मुलांच्या लाळेतलं मेलाटोनिन संध्याकाळभर मोजलं. ते सरासरी सात वाजून चाळीस मिनिटांनी वाढायला लागत होतं. ज्या मुलांना त्याआधीच झोपवलं जात होतं ती अंथरुणात चाळीस मिनिटं ते तासभर जागी राहत, आणि हाका मारणं, उठून येणं, हट्ट करणं हे सगळं त्या वेळात चाले. म्हणजे ज्याला आपण वागणुकीचा दोष म्हणतो तो पुष्कळदा वेळेचा दोष असतो. कोल्हापुरातल्या मुलाचं घड्याळ अमेरिकेतल्या मुलाइतकं लवकर चालेल अशी अपेक्षाही धरू नये. दक्षिण महाराष्ट्रातल्या चार वर्षांच्या मुलाला साडेसातला झोपवण्याचा सल्ला कुणी परदेशी पुस्तकातून उचलून दिला, तर तो बाजूला ठेवावा.

झोपेच्या तासभर आधी मुलांच्या अंगात येतं, गादीवरून उड्या, खोलीभर धावाधाव, विनाकारण हसणं, हे प्रत्येक घराने पाहिलंय. इस्रायली संशोधक पेरेत्झ लावी यांनी १९८६ मध्ये मोठ्या माणसांत दाखवून दिलं की नेहमीच्या झोपेच्या लगेच आधीचे दोन-तीन तास हे दिवसभरातले झोप लागायला सर्वांत कठीण असतात. शरीराचं घड्याळ दिवसाच्या शेवटी एकदा जोर लावून जागं ठेवतं आणि मग सोडून देतं. त्या जोराच्या वेळेत मुलाला गादीवर दाबून ठेवण्यात दोघांचीही दमछाक होते.

आता उजेड. मुलांच्या बाहुल्या मोठ्या आणि डोळ्यातली भिंगं अगदी स्वच्छ असतात, त्यामुळे त्याच दिव्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांत आपल्यापेक्षा जास्त शिरतो. लेबर्जुआ यांच्याच गटाने २०१८ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपेआधी तासभर १००० लक्सच्या उजेडात चित्रं काढायला बसवलं. मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी खाली आलं, आणि दिवा घालवल्यानंतर ५० मिनिटांनीही पूर्ववत झालं नव्हतं. २०२२ मध्ये त्यांनी मंद उजेडही तपासला. ५ ते ४० लक्स, म्हणजे आपल्या दिवाणखान्यातल्या ट्यूबपेक्षा पुष्कळ कमी उजेड, तरीही मेलाटोनिन सरासरी ७८ टक्के दबलं. घरातली ट्यूब आणि आजोबांची मालिका रात्री साडेदहापर्यंत चालू असेल, तर मुलाच्या मेंदूपुरती संध्याकाळ तोवर लांबते. इथे उपाय स्वस्त आहे आणि तो सगळ्यात आधी करावा: जेवण उरकलं की मुलाच्या भोवतालची ट्यूब बंद करून झिरोचा बल्ब लावायचा. मोबाइल त्याआधीच हातातून गेलेला बरा. त्यात उजेडाचा भाग आहेच, पण मोठं नुकसान असं की एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि ‘आता संपलं’ असा क्षण कधी येतच नाही.

दुपारची झोपही याच गणितात मोडते. साडेचार-पाचपर्यंत झोपलेल्या मुलाची ओढ संध्याकाळी नव्याने साठायला लागते, आणि ते दहाला ताजंतवानं असतं. दुपारची झोप बहुतेक मुलं तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान हळूहळू सोडतात. तोवर ती ठेवावी, पण तीन-साडेतीनच्या आत मुलाला उठवावं. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलेलं प्रमाण तीन ते पाच वर्षांसाठी दिवसभरात मिळून १० ते १३ तास आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी तेच धरलं. सकाळी सातला उठणारं आणि दुपारी तासभर झोपणारं मूल रात्री साडेनवाला झोपलं तर साडेदहा तास होतात. आपल्या घरांत हे जमण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तोही मुलांची झोप हेच कारण देऊन. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी हा विषय जाहीरपणे काढला होता. सकाळी सातच्या शाळेसाठी डोळे न उघडणाऱ्या पोराला रिक्षात बसवलेल्या आईबापांना या निर्णयाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण शरीराची वेळ बरोबर साधली तरी टाळाटाळ पूर्ण थांबत नाही, कारण मुलाला ज्या घरात झोपायचं असतं ते घर जागं असतं. जोडी मिंडेल आणि आवी सादे यांनी २०१० मध्ये १७ देशांतल्या २९ हजारांहून अधिक लहान मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात भारतही होता. न्यूझीलंडमध्ये तीन वर्षांखालची मुलं सरासरी संध्याकाळी ७.२७ ला झोपत, हाँगकाँगमध्ये रात्री १०.१७ ला. आशियातल्या घरांमध्ये मुलं उशिरा झोपतात, आणि आईबापांच्या खोलीत, पुष्कळदा त्यांच्याच अंथरुणात झोपतात. पाश्चात्त्य पुस्तकांतला सल्ला मुलाची वेगळी खोली आणि तिचं दार गृहीत धरतो. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत ते दार नाही, आणि नाही म्हणून काही बिघडलेलंही नाही. आईच्या कुशीत झोपणं हा दोष मानू नका. अडचण वेगळीच आहे. त्याच खोलीत काका जेवतायत, आत्याचा फोन चालू आहे, आज्जीची मालिका ऐन रंगात आहे, आणि मुलाला म्हणायचं, “तू डोळे मिट.” माझ्या मते मूल अशा वेळी झोपेला नकार देत नाही, भरलेल्या घरातून एकट्याने उठून जायला नकार देतं.

यातला सगळ्यात नाजूक भाग बापाचा. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून, गुजरीतल्या दुकानातून घरी यायला नऊ-साडेनऊ होतात. मूल दिवसभर त्याची वाट बघत असतं. गाडीचा आवाज आला की झोपेला आलेलं पोर टक्क जागं होतं, आणि मग “सोन्या, झोपला नाहीस अजून?” म्हणत त्याला उचलून गुदगुल्या, खांद्यावर बसवणं, मोबाइलवर गाणं. अर्ध्या तासाने आईच्या वाट्याला एक अजिबात न झोपणारं मूल येतं. ही भेट बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. बापाला बघण्यासाठी जागं राहिलेलं मूल टाळाटाळ करत नसतं. या भेटीला झोपेच्या क्रमात जागा द्यावी, एवढंच. बाप आला की हातपाय धुऊन मंद उजेडात मुलाशेजारी आडवं व्हायचं आणि शेवटची गोष्ट त्याने सांगायची. जेवण नंतर. ज्यांची पाळी रात्री अकराला सुटते त्यांनी ही भेट सकाळवर न्यावी, आणि मुलाला ते स्पष्ट सांगावं: “पप्पा सकाळी तुला उठवायला येणार.” आणि खरंच यावं, झोप अर्धवट सोडावी लागली तरी. सकाळची खात्री पटलेलं मूल रात्री कमी झगडतं.

क्रम हाच या सगळ्याचा कणा आहे. मिंडेल यांच्याच २००९ च्या अभ्यासात सात महिने ते तीन वर्षांच्या मुलांच्या ४०५ आया होत्या. त्यांतल्या काही आयांना रोज रात्री तीनच गोष्टी त्याच क्रमाने करायला सांगितल्या: अंघोळ, मालीश, आणि मग शांतपणे कुशीत घेणं किंवा अंगाई. अंघोळ संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत दिवा बंद. दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. पुढे १४ देशांतल्या दहा हजारांवर आयांकडून हेही दिसलं की आठवड्यातले जितके दिवस क्रम पाळला जातो तितकी झोप चांगली. कोल्हापूरकरांना हे परकं वाटायला नको. अंबाबाईच्या देवळात रोज रात्री शेजारती होते. देवीला झोपवण्याचे सगळे विधी ठरल्या क्रमाने होतात आणि मग दरवाजे मिटतात. आरती झाल्यावर कुणी आणखी एका आरतीचा आग्रह धरत नाही, कारण शेवटचं काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुलाच्या रात्रीलाही असा एक ठरलेला शेवट लागतो.

घरचा क्रम आपापला ठरवावा. कोमट पाण्याने हातपाय धुणं, दात घासणं, शू, तांब्याभर पाणी उशाशी, पांघरूण, गोष्ट, थोपटणं. मागण्या कुठल्या येणार हे आईला रोजच्या अनुभवाने पाठ असतं, तेव्हा त्या येण्याआधीच क्रमात ओवून टाकाव्यात. पाणी मागायच्या आधी पाणी पाजलेलं असलं की त्या मागणीतली हवा जाते. कोमट पाण्याचा एक शारीरिक फायदाही आहे: हातापायांकडे रक्तप्रवाह वाढतो, त्यातून शरीराची आतली उष्णता बाहेर जाते, आणि ती उतरू लागली की झोप येते.

गोष्टीची मर्यादा मात्र पक्की हवी. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची रचना आठवा: ४२ रात्री, एका रात्री एकच आठवण, आणि पुढची ऐकायला दुसऱ्या रात्रीची वाट बघायची. मुलांना ही वाट बघणं जमतं, फक्त ती मोडली जात नाही असा विश्वास हवा. “आज एक, उद्या दुसरी” असं सांगून आज तीन सांगितल्या, तर उद्या पाचांची मागणी येईल.

कारण मूल हिशेब ठेवतं. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांतून जे दाखवलं ते इथे लागू पडतं. दर वेळी फळ मिळणारी कृती फळ बंद होताच लवकर सुटते, पण कधी मिळेल याचा नेम नसताना अधूनमधून फळ मिळालेली कृती चिवटपणे टिकते. नऊ वेळा “नाही” म्हणून दहाव्यांदा वैतागून “घे बाबा” म्हणणं म्हणजे मुलाला दहा वेळा मागायला शिकवणं. त्यापेक्षा पहिल्याच वेळी हो म्हटलेलं परवडतं. एकत्र घरात हा दहावा होकार बहुधा आज्जीकडून येतो. आई नाही म्हणाली की पोर मधल्या खोलीत जातं आणि आज्जीच्या मांडीवर लाडू खात बसतं. यावर आज्जीला बोल लावून काही साधत नाही, तिचा मान मात्र दुखावतो. तिलाच शेवटची पायरी सोपवावी. गोष्ट आज्जीची, दिवा घालवणारा हातही आज्जीचा. नियम तिच्या हातात आला की तो मोडायचं तिला कारण उरत नाही, आणि त्या वीस मिनिटांसाठी मालिका ती आपणहून बंद करते.

तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी एक युक्ती मला फार आवडते. अमेरिकेतल्या नेब्रास्कामधले मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक फ्रायमन यांनी १९९९ मध्ये ती मांडली. झोपताना मुलाच्या हातात एक कार्ड द्यायचं. त्या कार्डावर रात्रीतून एकदाच उठता येतं किंवा एक मागणी पुरवून घेता येते: पाणी, एक मिठी, जे हवं ते. वापरलं की कार्ड परत, त्यानंतर उठणं नाही. पुढे तीन ते सहा वर्षांच्या १९ मुलांवर हे पडताळून पाहिलं तेव्हा हाका मारणं आणि उठून येणं कमी झालं, आणि तीन महिन्यांनीही फरक टिकून होता. निव्वळ दुर्लक्ष करण्याच्या पद्धतीत सुरुवातीला रडणं वाढतं, ते इथे दिसलं नाही. कोल्हापुरात त्याला केएमटी बसचं तिकीट म्हणावं, मूल लगेच समजतं. पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर बसचं चित्र त्याच्याच हाताने काढलेलं. पुष्कळ मुलं ते वापरतच नाहीत, उद्यासाठी राखून ठेवतात. मागायचा हक्क आपल्या हातात आहे एवढ्यानेच त्यांची घालमेल शमते.

भीतीला मात्र तिकीट लावू नये. तीन ते सहा या वयात कल्पनाशक्ती झपाट्याने वाढते आणि खरं-खोटं वेगळं करण्याची ताकद मागून येते. कपाटामागे कुणीतरी आहे असं सांगणारं मूल नाटक करत नसेल. मागणी बदलत राहते, पाणी मग शू मग पाय दुखणं, ती टाळाटाळ. तीच एक गोष्ट रोज येते, आवाज कापतो, अंग आक्रसतं, ती भीती. तिथे जवळ बसावं, झिरोचा बल्ब राहू द्यावा. आणि लवकर झोपावं म्हणून बागुलबुवाला बोलावणं कायमचं बंद करावं. ज्या अंधारात डोळे मिटायचे त्याच अंधारात आपण भीती आणून ठेवतो आणि मग मूल झोपत नाही म्हणून रागावतो. मारणं तर नकोच. रडून थकून लागलेल्या झोपेतून मूल अंथरुणाला घाबरायला शिकतं.

काही वेळा कारण शरीरात असतं आणि त्यासाठी डॉक्टरच हवेत. रात्री अंथरुणात पडल्यावर गुदद्वाराशी खाज सुटून मूल तळमळत असेल तर जंतांची शंका घ्यावी. सूतकृमीची मादी रात्रीच बाहेर येऊन तिथे अंडी घालते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या जंतनाशक दिनांना अंगणवाडीत गोळी मिळते, ती चुकवू नये. “पाय दुखतात, पाय हलवावेसे वाटतात” ही रोजची तक्रार लोहाच्या कमतरतेमुळेही असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली होती, तेव्हा ही शक्यता दूरची नाही. रोज रात्री घोरणं, तोंडाने श्वास घेणं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होणं, यापैकी काही दिसलं तर सीपीआर रुग्णालयात किंवा आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे टॉन्सिल आणि नाकामागची गाठ तपासून घ्यावी. मेलाटोनिनच्या गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून आणून देऊ नयेत.

वेळ मागे आणायची कशी, हा शेवटचा प्रश्न. गणपतीत विसर्जनाची मिरवणूक बघत अकरा वाजतात, नवरात्रात तसंच, लग्नसराईत तर विचारायलाच नको. हे दिवस मुलांकडून काढून घेऊ नयेत. खरा घोळ मे महिन्याच्या सुट्टीत होतो, कारण तो लांबतो. समजा सुट्टीत मूल रात्री अकराला झोपतंय आणि जूनच्या मध्याला शाळा उघडताना साडेनऊ हवेत. एकदम साडेनऊला आडवं केलं तर दीड तास झगडा होईल. त्याऐवजी पहिले दोन दिवस क्रमच मुळी पावणेअकराला सुरू करून अकराला, म्हणजे झोप खरोखर येते तेव्हाच दिवा घालवावा. मूल पटकन झोपतं आणि अंथरूण म्हणजे झोप ही सांगड पुन्हा बसते. मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. सकाळी उठवण्याची वेळ पहिल्या दिवसापासून सातचीच ठेवायची, रात्री कितीही वाजलेले असोत, आणि उठल्याबरोबर मुलाला गच्चीवर किंवा अंगणात उजेडात न्यायचं, कारण शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं ते सकाळच्या उन्हाने. दीड तासाला सहा टप्पे लागतात, म्हणजे साधारण पंधरा दिवस. सुरुवात १ जूनला करावी.